भाचीच्या अर्जातला पहिला पर्याय

माझ्या भाचीने बी.एड.च्या प्रवेश अर्जात बारामतीचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं होतं. मी ते चौथ्यावर नेलं आणि चौथ्यावरचं पहिल्यावर आणून ठेवलं. तिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. आणि हे असं कसं झालं म्हणून तिने विचारलं, तेव्हा चूक तिच्याच हातून झाली असेल असं मी सांगितलं. तिने ते खरं मानलं. सहा वर्षं मानत राहिली.

मी निमगाव केतकीजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. माझी थोरली बहीण निरवांगीला दिलेली. दाजींची डाळिंबाची बाग आहे, माणूस बोलका आणि मोकळा. पोरगी बी.एस्सी. झाली आणि शिक्षिकाच व्हायचं म्हणाली, तेव्हा ते तिला घेऊन माझ्याकडे आले.

"पाव्हणं, घराण्यात एक मास्तर कमी पडला म्हणून आमचं रत्न बी खडूच खायचं म्हणतंय. काय ते तुमी बघा. मला त्यातलं काय कळत न्हाय."

पोरगी मात्र सगळं बघून आली होती. एकटीच एसटीने बारामतीला जाऊन कॉलेजात चौकशी करून, तिथल्या मुलींशी बोलून आली होती. "मामा, तिथं रोज हजेरी असते. पहिल्याच वर्षी शाळांमधून पाठ घ्यायला पाठवतात. मागच्या बाकावर मॅडम वही घेऊन बसतात आणि पाठ झाला की सगळ्यांसमोर चुका सांगतात." चुका सांगतात हे ती अशा आनंदाने सांगत होती, जसं कुणी वसतिगृहात जेवण चांगलं आहे असं सांगावं.

त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. बायको दुसऱ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. ती साडेनऊला घर सोडायची, मी दहाला. आबांसाठी ठेवलेली बाई वीस दिवसांत निघून गेली. प्रवेश परीक्षेचा निकाल लागेपर्यंत म्हणून भाची आमच्याकडे येऊन राहिली आणि घर पुन्हा रांगेला लागलं. आबांना वेळेवर अंघोळ, वेळेवर पेज, पाठीला पावडर. आबा तिला हाक मारताना हसायचे. मी शाळेतून यायचो तेव्हा घरात फिनेलचा वास असायचा, घाणीचा नाही. कुणी मला विचारलं असतं की हे किती दिवस चालावं, तर मी काय उत्तर दिलं असतं ते मला तेव्हाच माहीत होतं.

अर्ज भरायचा दिवस आला. त्यांच्या बागेतल्या घरात मोबाइलला रेंज कधी असायची, कधी नसायची म्हणून नोंदणीला नंबर माझाच दिला होता. ती माझ्या लॅपटॉपवर बसली. एकापाठोपाठ एक कॉलेजं टाकली. एक बारामती, दोन आणि तीन तिकडचीच. चौथं आडवाटेचं एक कॉलेज तिने फक्त यादी भरायची म्हणून टाकलं. त्याचं नाव आणि गाव मी इथं लिहीत नाही. तिथं नाव नोंदवायचं, परीक्षेला जायचं, मधल्या काळात कुणी कुणाला विचारायचं नाही, एवढं आम्हा मास्तर लोकांना ठाऊक होतं.

"मामा, क्रम बघा बरं एकदा."

मी बघितला. बरोबर आहे म्हणालो. तिने तो जतन केला. वडिलांना फोनवर विचारून उद्या पक्का करू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आबांना अंघोळ घालत होती. मोरीतून आवाज येत होता, "आबा, हात वर. तो नव्हे, हलतोय तो." मी लॅपटॉप उघडला. शेजारचे बाण दाबले की कॉलेज एक पायरी वर किंवा खाली जातं. तीनदा दाबून चौथं वर आणलं, दोनदा दाबून बारामती चौथ्यावर नेलं. मोबाइलवर आलेला आकडा भरला आणि अर्ज पक्का करून टाकला. ती टॉवेल मागायला बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "दाजींशी बोललो मी. करून टाकला अर्ज." ती "बरं झालं" म्हणाली आणि टॉवेल घेऊन गेली. दाजींना मी फोन केलाच नव्हता. त्या दिवशी शाळेत मी त्रैराशिक शिकवलं, तेही चांगलं शिकवलं.

पहिला पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत बदल करता येत नाही, हा नियम मला पक्का माहीत होता. दरवर्षी गावातली पाच-सात पोरं माझ्याकडूनच अर्ज भरून घेतात.

यादी लागली. ती मोबाइल हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"मामा, हे कुठलं कॉलेज आलंय? मी बारामती पहिलं टाकलं होतं."

"बघू." मी बघितल्यासारखं केलं. "तुझ्याकडून क्रम खालीवर झाला असेल. ते बाण दाबताना होतं तसं. बऱ्याच पोरांचं होतं."

"पण तुम्ही बघितलेलं ना?"

"मी वरवर बघितलं गं."

संध्याकाळी दाजी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पोरीच्या डोक्यावर टपली मारली. "एवढी सायन्स शिकलीस आन एक फारम भरता येईना व्हय? उद्या पोरांला काय शिकवशील, कप्पाळ?" ते हसले. मीही हसलो. वर्ष थांबून पुन्हा अर्ज करू का, असं तिने हळू आवाजात विचारलं. वर्ष वाया घालवायचं नाही, डिग्री ती डिग्री, असं मी म्हणालो. दाजी लगेच म्हणाले, "मामा म्हणत्यात तर बरोबरच असंल."

म्हणून ती आमच्या घरी राहिली. दोन वर्षांत कॉलेजला किती वेळा गेली ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. बाकीचा काळ ती आबांच्या खाटेजवळ बसून पाठांची टाचणं लिहायची. बी.एड.च्या टाचणवहीत एका रकान्यात शिक्षकाने काय विचारायचं ते लिहितात, दुसऱ्यात मुलं काय उत्तर देतील ते. तिने वह्याच्या वह्या भरल्या. दुसऱ्या रकान्यातली सगळी उत्तरं बरोबर. तिच्या वहीतला एकही विद्यार्थी कधी चुकला नाही.

खरा वर्ग म्हणून तिला आबाच होते. "आबा, अ अधिक ब, कंसाचा वर्ग किती?"

"तू म्हणशील तेवढा, बाई."

"असं नाही चालायचं. विचार करा."

"मग दोन तांबे. एक गरम, एक गार." आबांची जीभ जड झाली होती पण चेष्टा गेली नव्हती.

सराव पाठ आणि शाळेतला अनुभव कागदावर माझ्याच शाळेत दाखवायचा होता. ती दोन-तीनदा म्हणाली, "मामा, तुमच्या नववीचा एक तास द्या ना. खराखुरा." मी म्हणालो सहामाही जवळ आली आहे, भाग राहिला आहे. पुढच्या वेळी म्हणालो, आबांजवळ कोण बसणार? तिसऱ्यांदा तिने विचारलं की नाही ते मला आठवत नाही. मार्गदर्शक शिक्षकाच्या अभिप्रायाच्या जागी मी लिहीत गेलो: फळ्यावरील अक्षर सुवाच्य. वर्गनियंत्रण उत्तम. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक. खाली सही. मुख्याध्यापकांनी माझी सही बघून आपली केली. जो वर्ग तिने पाहिलाच नव्हता, त्याच्यावरचं तिचं नियंत्रण मी उत्तम ठरवलं.

तिची शेवटची परीक्षा झाली आणि दीड महिन्यात आबा गेले. ती आमच्याकडची बॅग भरून निरवांगीला गेली. पुढच्या जूनमध्ये बारामतीच्या बाजूच्या एका शाळेत मुलाखत होती, आणि मुलाखतीत आठवीच्या वर्गावर प्रत्यक्ष पाठ. तिथले एक शिक्षक ओळखीचे असल्याने मला मागे बसू दिलं.

तिने विषयाची सुरुवात सुरेख केली. अक्षर खरंच सुंदर होतं. मग तिने विचारलं, अ अधिक ब, कंसाचा वर्ग किती? पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, अ वर्ग अधिक ब वर्ग. सगळा वर्ग म्हणाला, हो, हो. आठवीतली पोरं हेच उत्तर देतात, वीस वर्षं मी हेच ऐकत आलो आहे. त्याच चुकीपासून खरं तर पाठ सुरू करायचा असतो.

ती "नाही" म्हणाली आणि थांबली. मुलं तिच्याकडे बघत राहिली. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला. पुन्हा तेच उत्तर आलं, या वेळी जास्त मोठ्याने. मागून कुणीतरी खुसखुसलं. ती फळ्याकडे वळली, बरोबर उत्तर लिहिलं आणि तिथून पुढचा सगळा पाठ तिने फळ्याला शिकवला. घंटा होईपर्यंत ती मागे वळली नाही. निवड समितीतल्या बाईंनी तिची फाइल उघडून माझे अभिप्राय वाचले, मग तिच्याकडे बघितलं आणि फाइल मिटली. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं झालं असं मला तेव्हा वाटलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मामा, पोरं चुकीचं सांगतात तेव्हा काय करायचं असतं?"

"सवयीने येतं ते," मी म्हणालो.

त्यानंतर ती एकाही मुलाखतीला गेली नाही. बारामतीतल्या एका शाळेच्या कार्यालयात लागली. बोनाफाइड देते, दाखले काढते, पालकांचे फोन घेते. वर्ग तिथून दहा पावलांवर आहेत.

हे असंच चाललं असतं. यंदा माझी मुलगी बारावी झाली. तिला बारावीनंतरचा चार वर्षांचा शिक्षकाचा अभ्यासक्रम घ्यायचा आहे. ताईला हे ठाऊक असेल म्हणून तिने भाचीला फोन लावला. मी शेजारीच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"कॉलेज कुठलं घे ते सांगते," भाची म्हणाली. "पण अर्जाला माझा हात लावू देऊ नकोस बाई. मी एकदा भरला आणि आयुष्य चौथ्या नंबरवर घालवलं. मामांकडून भरून घे. त्यांचं कधी चुकत नाही."

माझी मुलगी हसली. मी उठून बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी मी बारामतीला गेलो. शाळा सुटायची वेळ होती. मला खिडकीत बघून ती घाबरली, निरवांगीला कुणाला काही झालं का म्हणाली. तसं काही नाही म्हटल्यावर कुलूप लावून बाहेर आली. सायकल स्टँडशेजारच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. मी येताना वाक्यं जुळवली होती. ती एकही कामी आली नाही. मी सरळ सांगितलं की तुझ्या अर्जातला क्रम मी बदलला. तू आबांना अंघोळ घालत होतीस, तेव्हा.

तिने हातातल्या किल्ल्या मांडीवर ठेवल्या.

"आबांसाठी?"

"आबांसाठी म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. माझ्यासाठी. मला घरी येऊन ते करायचं नव्हतं."

"मामींना माहीत होतं?"

"नाही."

"मी कितीतरी वेळा आठवून बघायचे," ती म्हणाली. "बाण कुठला दाबला, कसा दाबला. मला वाटायचं, माझं ध्यान नसतंच कशात. त्या वर्गातसुद्धा तेच डोक्यात आलं. ही पोरगी चुकतेय का मीच चुकतेय."

माझ्याच शाळेतल्या पोरांएवढी पोरं सायकली काढून आमच्या समोरून जात होती, त्यातली दोघं-तिघं तिला मॅडम म्हणून हात करून गेली. तिने हात केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे आज का सांगताय?"

"आधीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही." मी हात जोडले. ती भाची आहे, वयाने लहान आहे, आमच्यात असं करत नाहीत, तरी जोडले. "तुझा अर्ज बरोबर होता. तू काही चुकवलं नव्हतंस. मी बदलला, तुझ्यावर ढकललं, आणि दाजी तुला हसले तेव्हा मीही हसलो. तू तास मागितलास तो दिला नाही आणि दिल्याची सही केली. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."