हलणारी दाढ

डायलिसिसला वर्ष होत आलं तेव्हा माझी खालची दाढ हलायला लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार अवसरीहून मंचरला जायचं आणि चार तास मशीनला पडून राहायचं. पाणी मोजून प्यायचं, त्यामुळे तोंड सतत कोरडं. दात घासताना रक्त यायचं. चूळ भरायचो, बेसिन धुऊन टाकायचो. बायकोला सांगितलं नाही. आणखी एक दवाखाना मला नको होता.

शेजारच्या खाटेवर जुन्नरचे एक चाचा असत. बांगड्यांचं दुकान त्यांचं. त्यांच्या किडन्या बीपीनं गेल्या, माझ्या शुगरनं. एका सोमवारी ते म्हणाले, "भाऊ, गाल सुजलाय तुमचा."

"दाढ हलतीय."

"दाखवली का? तोंड माझं बी कोरडं पडतं, पण मला शुगर न्हाई. तुमी अंगावर काढू नका."

बायको न्यायला आली, तेव्हा तिला सांगावंच लागलं. तसेच दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी हिरडी दाबली, पू आला.

"आज दाढ काढता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मशीनवर रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, ते अजून अंगात आहे. उद्या या."

माझ्यासमोरच त्यांनी किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला, विचारून गोळ्या लिहिल्या. दुखलं तरी मनानं काही घ्यायचं नाही, असं बजावलं. शुगर विचारली. ती आठवडाभर चढीच होती. "हिरडीतल्या पूमुळेही वाढते," त्या म्हणाल्या.

घरी पोचल्यावर बायकोनं गोळ्या फळीवर ठेवल्या. मग म्हणाली, "किती दिस लपवलं?"

"दोन म्हैनं."

ती आत निघून गेली.

मंगळवारी दाढ निघाली पटकन. नंतर कापूस चावून बसलो. रक्त थांबेना. डॉक्टरीणबाई दर थोड्या वेळानं बघायच्या, कापूस बदलायच्या. बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. थांबलं, तेव्हा बाहेर दुपार झाली होती.

पुढच्या आठवड्यात शुगर जरा उतरली. पण समोरचे दोन दातही सैल आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. आता रोज सकाळी बायको मला ओट्यावर बसवते, तोंड उघडायला लावते आणि मोबाइलच्या उजेडात हिरड्या बघते. ती 'बरं हाय' म्हणेपर्यंत मी तोंड मिटत नाही.