ती खणायची, तो वाहायचा

बोलण्याआधी तो पदर सारखा करायचा. डोक्यावर मातीचं भरलेलं घमेलं असलं तरी एक हात मोकळा करून पदराचं टोक कमरेला खोचणार आणि मगच तोंड उघडणार. "आमचं आपलं असंच हाय, वहिनी." शिवी द्या, टोमणा मारा, नाहीतर सरळ विचारपूस करा, उत्तर हेच. आवाज मात्र चांगला भरदार, बाप्याचा.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, की तो दिसला की लोक हातातलं काम टाकून बघत बसतात. आमच्या गावाला तर टाकायलाही काम उरलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी कोरड्या पडल्या, बैल घोडेगावच्या बाजारात मिळेल त्या भावाला गेले, आणि आम्ही सगळे, जमीनवाले आणि बिनजमीनवाले, सरकारी पाझर तलावाच्या बांधावर माती टाकायला गेलो. मी नवी सून होते. माहेरी कौतुकात वाढलेली, त्यामुळे घमेल्यातली निम्मी माती बांधावर आणि निम्मी माझ्याच डोक्यात. आजही नातवंडं माझ्या विरळ केसांवरून हसतात. हसोत. त्या मातीनेच ते गेले असं मी सांगते.

कामाची रीत अशी की माणसं जोडीने घ्यायची. नवऱ्याने टिकाव मारून चौकोनी खड्डा खणायचा, बायकोने माती वाहायची. संध्याकाळी मुकादम येऊन खड्डा मोजणार. गडी खाली खड्ड्यात, बाया बांधाच्या वाटेवर.

या जोडीत ती खणायची आणि तो वाहायचा. ती धोतराचा काचा मारून, डोक्याला फडकं गुंडाळून खड्ड्यात उतरायची. तो लुगडं नेसून, केसांचा अंबाडा घालून आमच्या रांगेत. दोघंही तमाशाच्या फडातली. वगात ती राजा व्हायची, हा राणी. दुष्काळात जत्रा बंद, जत्रा बंद म्हणून फड बंद, म्हणून ती दोघं तिच्या माहेरच्या गावी, म्हणजे आमच्याकडे, पडक्या छपरात राहायला आली. गावाला वाटलं, आता रंग धुतील आणि माणसात येतील. पण छपरातही चुलीपुढे हा, आणि बाजेवर बिडी ओढत ती. हा तिला म्हणायचा, "अहो, जेवून घ्या." ती म्हणायची, "आलो गं."

गावाने हे सोसलं नाही. त्याची वाळत घातलेली लुगडी शेणात लोळवली. छपरावर दगड पडले. टँकर आला की बाया त्याचा हंडा रांगेबाहेर ढकलायच्या. त्यात सगळ्यात पुढे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बाया बाभळीखाली लेकरं पाजायला बसायच्या, तिथे हा मिशा काढलेला बाप्या कशाला? म्हणून तो लांब उन्हात बसायचा. तर आत्याबाईंना तेही खुपायचं. "लांब बसून बघतंय मेलं," म्हणायच्या.

मलाही तो आवडायचा असं समजू नका. तो माझ्याहून भरभर वाहायचा. आमचे हे खड्ड्यातून ओरडायचे, त्याच्याकडं बघून तरी चाल जरा. बाईपणात एका बाप्याने मला मागे टाकावं, हे कुठल्या नव्या नवरीला रुचेल? एकदा त्याने माझ्या डोक्यावरची चुंबळ काढून पुन्हा घट्ट वळून दिली, तेव्हा मी थँक्यू तर सोडाच, तोंडसुद्धा वाकडं केलं. पण चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही, हा माझा जुना रोग. विचारलं, फड तर मोडला, मग हे सोंग कशाला अजून?

त्याने पदर खोचला. "सोंग न्हाई वहिनी. फडात आमी जे करत व्हतो, तेच हितं करतोय. तिथं लोक शिट्ट्या मारायचे, हितं दगडं मारत्यात, एवढाच फरक."

त्या वर्षी पाऊस का नाही, याची कारणं गावात रोज एक निघत होती. देवाचा कोप झाला, सरकार बदललं, कोणी सुरुंग लावून डोंगर फोडला. शेवटी सगळी कारणं या जोडप्यावर येऊन टेकली. नांगर धरायचा त्याने घमेलं धरलं, म्हणून आभाळ रुसलं. एका दुपारी भाकरी सोडायच्या वेळेला गावचे कारभारी, म्हणजे सगळा गाव ज्यांच्या शब्दावर चालायचा ते म्हातारे गृहस्थ, चार गडी घेऊन त्यांच्या खड्ड्याशी आले. आत्याबाई मागे होत्याच.

"उद्यापासून गड्यानं गड्यावानी ऱ्हायाचं आन् बाईनं बाईवानी," कारभारी म्हणाले. "न्हाईतर कामावर पाय ठेवायचा न्हाई."

मुकादम खाली मान घालून टेप गुंडाळत राहिला. काम नाही म्हणजे मजुरी नाही, वाटपातली सुकडी नाही, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरसुद्धा नाही. दुसरं काम कुठे सुरू झालंय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने टिकावावरची माती बोटाने निपटली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बरं. तसं करू."

दुसऱ्या दिवशी अंबाडा फेट्यात दडवून, धोतर नेसून तो आला. ती लुगड्यात, कपाळभर कुंकू. गाव खूश. आत्याबाईंनी मला कोपराने ढोसलं, बघ, आली का नाही वठणीवर.

मग सुरू झालं. त्याने टिकाव दोनदा मारला आणि तो बांधावर टेकून बसला. खाकरला. खाकरणं थेट कारभाऱ्यांचं, शेवटच्या गुरगुरीसकट. "पानी," तो म्हणाला. कोणाला ते नाही, आणि का ते नाही. नुसतं "पानी." ती घमेलं टाकून धावली. त्याने घोट घेतला आणि थुंकला, पाणी कोमट होतं म्हणून. ती पुन्हा धावली. तिला दम लागला, तर म्हणाला, काय घरात बसून खातीयास का? शेजारच्या खड्ड्यातला गडी खो खो हसला आणि मध्येच थांबला. ते वाक्य सकाळीच त्याने स्वतःच्या बायकोला ऐकवलं होतं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं.

आमच्या ह्यांचं बोलणंही त्यात निघालं. "त्याच्याकडं बघून तरी चाल जरा." मी घमेलं खाली ठेवलं, नाहीतर हसण्याने ते पडलंच असतं. रांगभर बाया पदराचे बोळे तोंडात कोंबून उभ्या.

दुपारी तिने भाकर सोडून त्याच्यापुढे धरली. त्याने एक घास खाल्ला आणि मीठ कमी म्हणून भाकर मातीत भिरकावली. तिने भाकर उचलली, फुंकर घातली, पाठ वळवली आणि तीच खायला बसली. इथे मात्र बायांचं हसू बंद झालं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि ते कसे होते हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं. आत्याबाई त्या पाठमोऱ्या बाईकडे बघत होत्या आणि त्यांच्या हातातली भाकर तशीच होती.

मी पाण्याच्या रांजणाशी गेले तर तोही आला. त्याने तांब्या खाली ठेवला. पदर खोचायला बोटं कमरेशी गेली आणि तिथून रिकामी परत आली. "लई सोंगं केली वहिनी आजवर," तो म्हणाला. "हे सगळ्यात जड."

तोवर कारभारी तिथे पोचले होते. गावाची टिंगल करतो व्हय, म्हणाले. मागे सगळे गडी, आमचे हेसुद्धा, तोंडं लाल करून.

"टिंगल न्हाई, कारभारी," तो म्हणाला. "तुमी म्हनला गड्यावानी वाग. गडी कसा वागतो ते मी हितंच बघून शिकलो."

कोणीतरी ढेकूळ मारलं. ते त्याच्या खांद्याला लागलं. मुकादमाने कारभाऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुटपुटला, उद्यापासून येऊ नका. तिने कुंकू हाताच्या पंज्याने पुसलं, खड्ड्यातून टिकाव काढला आणि म्हणाली, "चल गं. आपल्याला दोनी कामं येत्यात. कुटंबी पोट भरंल."

सकाळी आम्ही माती टाकत होतो तेव्हा ती दोघं सोनईच्या वाटेला लागलेली दिसली. तिने धोतर नेसलं होतं, त्याने लुगडं. बोचकं कधी तिच्या डोक्यावर, कधी त्याच्या. टिकाव मात्र तिच्याच खांद्यावर. सगळं काम थांबलं. आमच्याकडे तेव्हा नवरा पुढे आणि बायको चार पावलं मागे, अशीच जोडी रस्त्याने दिसायची. आता यांच्यात पुढे कोण जातंय, हे बघायला अख्खा गाव टाचा वर करून उभा राहिला.

पुढे कोणीच गेलं नाही. वाट बैलगाडीपुरती रुंद होती, आणि एका चाकोरीतून तो, दुसरीतून ती, अशी दोघं शेजारीशेजारी, काहीतरी बोलत चालली होती. मध्येच ती हसली असावी, कारण त्याने तिला कोपराने ढोसलेलं मला दिसलं.

"काय निलाजरी जात हाय बघा," खड्ड्यातून एक गडी म्हणाला.

आत्याबाई बांधाच्या अगदी कडेला उभ्या होत्या. डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्यांनी हात आडवा धरला होता.

"गप रे," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."