सरांचे कान

टकटक सर मडक्याकडे आधी बघायचेच नाहीत. ते कानाशी धरायचे, बोटाच्या पेराने दोनदा वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. नाद खणखणीत आला तर ठीक. बद्द आला, तर आत कुठेतरी चीर आहे. मग ते भांडं कितीही देखणं असो, अंगणातल्या खापरांच्या ढिगावर जायचं.

मंगरूळपीरच्या शाळेत ते चित्रकला शिकवायचे. नोकरी सोडून कुठेतरी लांब जाऊन मातीकाम शिकले आणि अनसिंगला चाक मांडून बसले. एवढं शिकून कुंभार झाला, असं लोक म्हणायचे. सर हसायचे. "कुठं झालो बाप्पा अजून?"

रविवारी जो येईल त्याला शिकवत. त्यात मीही, चाळिशी उलटलेला, पोट चाकाला टेकणारा. माझी पहिली फुलदाणी पाहून सरांनी विचारलं, "चिलीम काहून केली?" पुढे एकदा मी माती नीट न मळताच वाडगा केला. आत हवा राहिली आणि भट्टीत तो फुटला, तो शेजारची नऊ भांडी घेऊनच. बहुतेक सरांची. मी तोंड लपवून उभा. सर तुकडे वेचत म्हणाले, "एकटा नाही गेला. वऱ्हाड घेऊन गेला."

सत्तरीनंतर सरांचे कान गेले. कानातल्या यंत्रातून माणसं ऐकू यायची, मडकी नाही. मग ते वाजवायचे आणि मला विचारायचे, "काय म्हन्ते?" मी ऐकून सांगायचो. आयुष्यात मला मिळालेली एवढी एकच मोठी जागा.

गेल्या साली थरथरत्या हातांनी त्यांनी एक रांजण घडवला. यापुढे एवढं मोठं काही होणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. भट्टी उघडली, सरांनी वाजवला. नाद बद्द.

"काय म्हन्ते?"

"खणखणीत, सर."

सरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "मले आयकू येत नाही," ते म्हणाले, "पन तुयं तोंड दिसते ना." मग हळूच विचारलं, "याच्या आधी किती डाव खोटं सांगतलं?"

"आजच, सर."

ते खरं होतं. पण आता ते कोणत्या तोंडाने पटवणार? सरांनी फळीवरची, मी पास केलेली सगळी भांडी खाली काढली, त्यांत पाणी भरलं आणि दुपारभर बघत बसले. एकही गळलं नाही. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी त्यांनी शेजारच्या शेवंताबाईंना कुंपणावरून बोलावलं. बाईंना मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सरांनी तोच रांजण वाजवला. बाई ऐकून म्हणाल्या, "फुटेल हाये जी. फेका." सरांचा चेहरा खुलला.

दिवाळीआधी सर गेले. तोवर मी एकही रविवार चुकवला नाही. सर चहा विचारायचे, बायकोची शुगर विचारायचे. मडकं हातात आलं, की मात्र माझ्या डोक्यावरून हाक जायची, "शेवंताबाई, या बरं जराशा."