रविनाला कुणी नाही म्हणेना

मोखाडा-जव्हार लायनीला माझी जीप चालते. मागे कोण बसलंय, कोण घरी भांडून आलंय, सगळं मला आरशात दिसतं. म्हणून रविनाबद्दल मला विचारा, दुसऱ्या कुणाला विचारू नका.

आमच्याच पाड्यावरची पोर. जव्हारच्या कॉलेजात बी.ए. झाली आणि भिवंडीच्या गोदामात खोकी चिकटवायला गेली. त्या कामाचा तिला इतका वैताग आला होता की नुसतं खोकं दिसलं तरी तोंड फिरवायची. मग मुंबईच्या एका संस्थेचं काम मिळालं. दुकानदार, गिरणीवाले, ग्रामपंचायती कंप्युटर आणि ऑनलाइन व्यवहार कितपत वापरतात, ते जाऊन विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. काम पसंत पडलं तर कायम ठेवणार होते. नाहीतर पुन्हा खोकी.

"गोरखकाका, जरा थांबा ना, एवढी गिरणी करून येते," असं गोड बोलून ती उतरायची आणि मागचे पॅसेंजर माझ्या नावाने बोंब मारायचे. अहो, पण त्या पोरीला नाही कोण म्हणणार? इथेच तर सगळा घोळ झाला.

एक दिवस जीपमध्येच तिला मुंबईचा फोन आला. फोन ठेवला आणि पोरीचा चेहरा पडला.

"काका, ते म्हणतात, मोखाड्यात सगळेच्या सगळे कंप्युटर वापरतात, असं कसं? ठाण्यातसुद्धा एवढे नाहीत. त्यांना वाटतंय, मी घरी बसून मनानेच भरलं. उद्या प्रतिभा मॅडम तपासायला येतायत. खोटं निघालं तर काम गेलं."

माझं डोकंच सणकलं. ही पोर खोटं भरेल? भर उन्हात पायपीट केलीय तिने, मी बघितलंय की! म्हटलं, "येऊ दे तुझ्या मॅडमला. मीच फिरवतो."

मॅडम आल्या. बाई बऱ्या वाटल्या, पण चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. पहिलं गाठलं ते बाजाराच्या तोंडाशी असलेलं पोशी मावशीचं चहाचं हॉटेल. मॅडमनी विचारलं, "मावशी, तुम्ही कंप्युटर वापरता?"

मावशीने आधी रविनाकडे बघितलं, मग ठसक्यात म्हणाली, "वापरते ना! रोज वापरते."

"दाखवता का?"

मावशी आत गेली आणि भाच्याचा कधीचा बंद पडलेला कंप्युटर पोटाशी धरून घेऊन आली. वायरचा पत्ता नाही. पदराने पुसून तिने तो भज्यांच्या परातीशेजारी ठेवला.

"आणि रोज काय करता याच्यावर?"

मावशी अडखळली. "रोज... पुसते."

मला हसू आवरेना. पण रविनाला रडूच फुटलं. "मावशी, अगं असं का सांगितलंस? तुझ्या या 'हो'पायी माझं काम जातंय!"

"बाय माझे, मी तुझ्यासाठीच बोलले ना!" मावशी पार गडबडली. "वाटलं, तू नुसतं नाही-नाही भरून नेलंस तर तुझे साहेब म्हणतील, ही पोर काही कामाची नाही. गिरणीवाल्या नवशालाही मीच बजावलं, पोरीला नाही म्हणू नको म्हणून. सगळ्या बाजाराला सांगितलं."

घ्या! सगळा बाजार पोरीची नोकरी टिकवायला निघाला होता आणि तीच घालवत बसला होता.

आणि मॅडम ज्या हसायला लागल्या, त्या थांबेचनात. रविनाला शेजारी बसवून त्यांनी चहा मागवला. "तू खोटं भरलं नाहीस, हे कळलं मला. पण ही उत्तरं चालणार नाहीत. सगळीकडे पुन्हा जावं लागेल. जमेल?"

"जमेल," रविना डोळे पुसत म्हणाली. "या वेळी आधीच सांगेन, नाही म्हटलं तरी माझं काही जात नाही. आणि वापरता का, असं विचारणारच नाही. काल त्याच्यावर काय केलं, ते विचारेन."

आता मावशीने उलटी दवंडी पिटली. झालं, जो तो नाही म्हणायला लागला! आमच्या ग्रामपंचायतीचा ऑपरेटर नितीन, त्याच्यासमोर कंप्युटर चालू, प्रिंटरमधून कुणाचा तरी दाखला बाहेर येतोय, आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "छे, आम्ही नाही वापरत."

"नितीनदादा, खरं सांग!" रविना कडाडली. "मग हा दाखला काय झाडाला लागला?"

तेव्हा कुठे गडी खरं बोलला. रेंज असली की कंप्युटर, रेंज गेली की हाताने लिहून द्यायचं आणि नंतर तेच पुन्हा भरत बसायचं. रविनाने तेही नोंदवलं.

मलाही सोडलं नाही. माझ्या काचेवर क्यूआरचा स्टिकर आहे, एकदम ऐटीत.

"काका, काल यावर कुणी भाडं दिलं?"

"कुणीच नाही."

"मग लावलाय कशाला?"

"गाडी बरी दिसते."

पुढे मुंबईहून फोन आला, रविनाला कायम केलं. त्या दिवशी मी सगळ्या पॅसेंजरांना फुकट नेलं आणि घरी बायकोच्या शिव्या खाल्ल्या. पाहणीच्या नव्या फेरीला ती पुढच्या सीटवर बसली होती. मॅडमनी सगळ्या जिल्ह्यासाठी टॅबमध्ये सुरुवातीलाच एक नवा प्रश्न घातला होता, विचारणाऱ्याने स्वतःच भरायचा. तिने तो मला मोठ्याने वाचून दाखवला: 'उत्तर देणारी व्यक्ती तुम्हाला ओळखते का?'

जीप बाजारात शिरली. पोशी मावशी हॉटेलातून हात हलवत ओरडत होती, "बाय, आधी चहा घे, मग काय ते विचार!" रविनाने खाली उतरायच्या आधीच 'हो' दाबलं.