कुणी सांगितलं असेल

वॉशिंग्टनजवळ हर्नडनला आम्ही घर घेतलं तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. डावीकडच्या घरात एक अमेरिकन बाई एकट्या राहायच्या. शाळेत लायब्ररियन होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, लग्न केलेलं नव्हतं. मी आणि नवरा दोघंही आयटीत. आमची मीटिंग लांबली की मुलगी त्यांच्याकडे थांबायची. त्या तिला टोस्टवर दालचिनी-साखर घालून द्यायच्या आणि समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावायच्या. तिला वाचनाची गोडी त्यांनीच लावली.

कॉलेज संपल्यावर मुलीला एका सरकारी खात्यात नोकरी चालून आली. काम गोपनीय, त्यामुळे आधी क्लिअरन्स मिळावा लागतो. आमच्या भागात यात नवीन काही नाही, निम्मी गल्ली असल्याच कामावर आहे. सरकारचा माणूस येतो, शेजारीपाजारी चौकशी करतो. ही कशी आहे, कुणात उठते-बसते, घरी परदेशातून कोण येतं.

"आई, इट्स जस्ट रुटीन," मुलगी म्हणाली. "मी बाजूच्या आजींचा रेफरन्स दिलाय. शी नोज मी बेस्ट."

त्या दिवशी मी घरूनच काम करत होते. खिडकीतून दिसलं, काळा कोट घातलेला एक तरुण माणूस बाईंच्या दारात उभा होता. त्यांनी दार उघडलं, त्यानं खिशातला बिल्ला काढून दाखवला. दोन-चार शब्द झाले असतील, तेवढ्यात दार बंद झालं. तो थोडा वेळ तिथंच थांबला. मग रस्ता ओलांडून समोरच्या घरी गेला. तिथं त्याला आत घेतलं आणि तो बराच वेळ बाहेर आला नाही.

लॅपटॉप मिटून मी बाईंकडे गेले. त्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीत दाबून धरलेले.

"मी काहीच बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मला बोलता आलं नाही."

मी विचारलं, "का? तुम्ही तर तिला लहानपणापासून ओळखता."

तेव्हा त्यांनी मला वडिलांबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाई जन्मल्या तेव्हा वडील युद्धावर होते. लढाई संपत आली तेव्हा जर्मनीत एका नदीकाठी त्यांच्या तुकडीला रशियन सैनिक भेटले. त्या वेळी ते दोस्त होते. दोन दिवस सगळे एकत्र प्यायले, गायले, गणवेशाची बटणं एकमेकांना दिली. वडिलांनी तिथं एक रशियन गाणं उचललं. अर्थ त्यांना धड माहीत नव्हता. परत आल्यावर वॉशिंग्टनला एका सरकारी कचेरीत नकाशे काढायची नोकरी लागली, गावाबाहेर छोटं घर झालं. रविवारी गाडी धुताना ते हेच गाणं म्हणायचे. बाईंनाही ते पाठ होतं.

मग वारं फिरलं. कालचा दोस्त शत्रू झाला आणि कचेऱ्यांमधून माणसं तपासली जाऊ लागली. एक दिवस वडिलांना बोलावून विचारलं, तुम्ही घरी रशियन गाणी गाता, हे खरं का? तुमच्या एका शेजाऱ्यानं सांगितलंय. कुठल्या शेजाऱ्यानं, ते सांगणार नाही. थोड्याच दिवसांत नोकरी गेली.

"नोकरीचं दुःख त्यांनी पचवलं असतं," बाई म्हणाल्या. "पण सांगितलं कुणी, ते त्यांना कळेना. संध्याकाळी ते पडद्याआडून एकेका घराकडे बघत बसायचे. आई म्हणायची, सोडून द्या आता. ते म्हणायचे, यातल्या एकानं माझ्याशी हसत हात मिळवलाय."

पुढच्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्यांचं जेवण होतं. पलीकडच्या घरातला माणूस वडिलांचा जिवलग मित्र. तोही युद्धातून आलेला. तो सहज म्हणाला, "हल्ली तुझं गाणं ऐकू येत नाही." वडिलांनी सगळ्यांसमोर त्याला मारलं. जबडा मोडला त्याचा. लोकांनी धरून बाजूला केलं तेव्हा तो जमिनीवर पडल्या पडल्या एवढंच विचारत होता, "मी काय केलं?"

"त्यानं सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. आम्ही घर विकून दुसऱ्या गावी गेलो. वडील दुधाची गाडी चालवायचे. पिणं वाढत गेलं. पन्नाशीतच गेले. शेवटच्या आजारातही एकेका शेजाऱ्याचं नाव घ्यायचे."

मग त्या म्हणाल्या, "मला तुझ्या मुलीबद्दल चांगलंच सांगायचं होतं. पण तो बिल्ला पाहिला आणि माझा हात आपोआप दारावर गेला."

मी म्हटलं, "असू द्या." म्हणताना मनापासून म्हटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

मुलगी महिनोन्महिने वाट पाहत राहिली. शेवटी दोन ओळींची ईमेल आली, तुमचा विचार पुढे होणार नाही. कारण काही दिलं नव्हतं. दर उन्हाळ्यात माझे आईवडील पुण्याहून येतात, म्हणून असेल. बाई बोलल्या नाहीत, म्हणून असेल. मुलीनं मात्र बाईंचंच कारण धरलं. "शी कुड हॅव सेड वन नाइस थिंग," ती म्हणाली. मी तिला बाईंच्या वडिलांची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली आणि म्हणाली, "आई, दॅट वॉज हर लाइफ. धिस इज माइन." आता ती दूर नेपरव्हिलला एका कंपनीत आहे. काम तिला आवडत नाही.

त्याच हिवाळ्यात बाई पडल्या. भाचीनं त्यांना ओहायोला नेलं. मुलगी ख्रिसमसला घरी आली होती, पण निरोप द्यायला बाहेर आली नाही. गाडीत बसताना बाईंनी तिच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. मी त्यांचं ब्लँकेट सारखं केलं. वसंतात भाचीचा फोन आला, त्या गेल्या होत्या.

मुलीच्या हुकलेल्या नोकरीबद्दल नवरा जास्त बोलला नाही. फक्त एकदा चहा पिताना म्हणाला, "समोरचा त्या चौकशीवाल्या माणसाशी एवढा वेळ काय बोलत होता गं?"

समोरचा आणि हा वर्षानुवर्षं एकाच गाडीतून ऑफिसला जायचे. बर्फ पडला की एकमेकांचं अंगण साफ करायचे.

"चांगलंच बोलला असेल," मी म्हटलं.

"तू ऐकलंस का?"

मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर नवऱ्यानं एकट्यानं जायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाला, वेळ जुळत नाही. समोरच्याच्या बायकोनं मला विचारलं, आमचं काही चुकलं का? मी नाही म्हटलं. ती आणखी काही विचारणार होती, पण मी फोन आल्यासारखं केलं आणि घरात आले.