अंतरपाटावरचं पाखरू

लग्नाच्या व्हिडिओत नवरा-नवरीपेक्षा मांडवाच्या खांबावर बसलेला किडा जास्त स्पष्ट दिसत असेल, तर ते शूटिंग भुजंगचं समजावं, असं अर्धापूरपासून हदगावपर्यंत लोक म्हणत. भुजंगचं म्हणणं एवढंच, की तो किडा नसून पतंग आहे.

अर्धापुरात त्याचा फोटो स्टुडिओ. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात, आणि संध्याकाळी हॅलोजन लागले की केळीच्या बागांतून पाखरं यायची. बरीच वर्षं तो त्यांना रुमालानं हाकलत असे. एका लग्नात पंगती लांबल्या, हाताला काम नव्हतं, म्हणून त्यानं एका पाखरावर लेन्स रोखली. पंखांवरची नक्षी बघून त्यानं लेन्स आणखी जवळ नेली. त्या दिवशी नवरीच्या मेकअपसाठी खास नांदेडहून बाई आणली होती. तरी तुलनेत पाखरू उजवं होतं. हे मत त्यानं स्वतःपाशीच ठेवलं, म्हणून धंदा टिकला.

पुढं तो पतंगांच्या नोंदी करणाऱ्यांच्या एका गटात शिरला. गट चालवायच्या मनिषाताई. त्या लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बोलायला गोड, पण नोंदीच्या बाबतीत निजामाच्या काळातल्या पटवाऱ्याइतक्या कडक. चैत्र लागला की भुजंग दिवेलागणीला गच्चीवर पांढरी चादर टांगून समोर दिवा लावी. शेजारच्या साखराबाई खालून विचारत, "काय करून राहिला रे भुजंगा?"

"किडे बघून राहिलो, मावशी."

"मग आमच्याकडं ये की. आमच्या गव्हात लई हायेत."

गेले दोन उन्हाळे तो एकाच पतंगाच्या मागं होता. फळांतला रस शोषणारा, अंगानं चांगला भरलेला. बसला की पुढचे पंख मिटून घेतो आणि हुबेहूब वाळकं पान होतो. खरी ओळख त्याखाली झाकलेल्या मागच्या पंखांवर. हळदीसारखा पिवळा रंग, त्यावर काळा डाग. डाग गोल असेल तर एक जात, कोयरीसारखा वळलेला असेल तर दुसरी. कोयरीवाला गटाच्या यादीत नांदेड जिल्ह्यातून अजून कुणी नोंदवला नव्हता. भुजंगनं पाठवलेल्या प्रत्येक फोटोत पंख मिटलेले, आणि ताई प्रत्येक फोटो गोड शब्दांत परत पाठवीत. नोंद झाली की पुढं बघणाऱ्याचं नाव लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत अल्बमवर छापणाऱ्या भुजंगला ती एक ओळ आपल्या नावाची हवी होती.

यंदा वैशाखात त्याच्या थोरल्या बहिणीच्या, कावेरीबाईच्या, मुलीचं लग्न निघालं. मुलगी वर्षाराणी, नवरदेव हदगावचा. कावेरीबाईनं भावाला आधीच बजावलं, "क्यामेरा आणलास तर मांडवात पाय ठेवू नको. तू मामा हायस. पोरीजवळ उभं राहायचं आन् अंतरपाट धरायचा."

"अक्का, मी असताना बाहेरचा माणूस शूटिंगला?"

"बाहेरचाच बरा. त्याला नवरी तरी दिसंल."

शूटिंगला व्यंकट नावाचा नांदेडचा तरुण ठरला. लग्नाच्या सकाळी तर कावेरीबाईनं भावाचा मोबाइलसुद्धा काढून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला.

मुहूर्त गोरज होता. नवरदेवाच्या मित्रांनी तो डीजेपुढं नाचून घालवला. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुहूर्त पत्रिकेत छापायला असतो आणि लग्न वरात पोचली की लागतं, हे दोन्ही पक्षांना पिढ्यान् पिढ्या मान्य होतं. वरात कार्यालयात पोचली तेव्हा अंधार पडला होता, हॅलोजन लागले होते. माइकवरून "नवरीचे मामा, नवरीला घेऊन या" असा पुकारा झाला, आणि भुजंग भाचीला घेऊन उभा राहिला. अंतरपाटाचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं नवरदेवाच्या मामाच्या.

पांढरंशुभ्र कापड, ताणून धरलेलं, त्यावर झगझगीत उजेड. पतंगांसाठी इतकी उत्तम सोय आपण गच्चीवर कधी केली नाही, हे भुजंगच्या तेव्हा ध्यानात आलं. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि शेजारच्या केळीच्या बागेतून एक वाळकं पान उडत आलं. ते त्याच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर, अंतरपाटावर बसलं.

तोच होता. पंख मिटलेले.

भुजंगचे दोन्ही हात कापडात अडकलेले. त्यानं हळूच फुंकर मारली. पतंग ढिम्म. अक्षता पडत होत्या, पण मागून फेकणाऱ्यांच्या अक्षता पुढच्या रांगेतल्या टोप्यांवरच संपत होत्या.

"मामा, तेच हाय का?" वर्षाराणीनं ओठ न हलवता विचारलं. लहानपणापासून तिनं मामाच्या गच्चीवर बसून चादर न्याहाळली होती.

"हाव."

"मग बघा लवकर. हार जड हाय."

शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री कडाडली, पलीकडच्या मामांनी आपलं टोक सोडलं. भुजंगनं मोकळं झालेलं टोकही चपळाईनं धरलं आणि कापड तसंच ताणून उभा राहिला.

"मामा, सोडा," गुरुजी म्हणाले.

"एक मिनिट."

वाजंत्री अडखळली आणि थांबली. शांततेत कुणीतरी सगळ्यांच्या मनातलं बोललं, "मामा रुसले!"

मग कारणं निघायला वेळ लागला नाही. मानाचा फेटा राहिला. दाराशी विचारपूस झाली नाही. आहेरातला कपडा हलका होता. एका म्हाताऱ्यानं तर स्वतः रुसून किनवटच्या लग्नात काय काय मिळवलं ते सांगायला घेतलं.

"तसं काही नाही, जरा थांबा," भुजंग कळवळून म्हणाला. रुसलेला माणूस नेमकं हेच म्हणतो, त्यामुळं कुणाला शंका उरली नाही.

नवरदेवाचे वडील, आप्पासाहेब, हात जोडून पुढं आले. "मामा, लेकराच्या लग्नात राग कशाचा? आमचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या."

"आप्पासाहेब, हलू नका."

"हलू नका म्हणले!" मागं कुजबुज झाली. "म्हणजे आत्ताच्या आत्ता पायजे."

फेटा आला. हात गुंतलेले असल्यानं तो कुणीतरी परस्पर त्याच्या डोक्यावर बसवला. कोपराच्या खोबणीत नारळ ठेवला गेला. कपाळाला कुंकू लागलं. पतंग जागचा हलला नाही.

तेवढ्यात कावेरीबाई तरातरा आली. भावाला चार शब्द सुनवायला तिनं तोंड उघडलं, त्याच्या नजरेच्या रोखानं पाहिलं, आणि तिला ते वाळकं पान दिसलं. तोंड तिनं मिटलं. व्याह्यांकडची माणसं उभी, आख्खा मांडव बघतोय. रुसलेला भाऊ कुणाच्याही लग्नात खपतो. किड्यासाठी लग्न अडवणारा भाऊ खपत नाही.

"शालीबिगर सोडायचा न्हाई तो," तिनं खणखणीत आवाजात जाहीर केलं. "आमच्या म्हायेरचं हे असंच हाय."

आप्पासाहेब दिलदार. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची मानाची शाल काढली, झटकून मोठी केली आणि भुजंगभोवती घातली. शालीचा वारा कापडाला लागला. पतंग दचकला, पंख फाकले. हळदीचा लखलखीत पिवळा, आणि त्यावर काळी, वळलेली, टोकदार कोयरी. भुजंगनं ती मनसोक्त पाहिली. मग पतंग हॅलोजनवरून बागेकडं गेला, आणि मामांनी अंतरपाट सोडला. त्यांचे डोळे भरून आले होते. मान मिळाल्यानं, असं सगळ्यांचं मत पडलं.

हार पडत होते तेव्हा भुजंगनं व्यंकटला गाठलं. "घेतलं का?"

"घेतलं मामा! एक नंबर."

व्हिडिओ आला तो असा: शाल संथ गतीनं खांद्यावर उतरते, तीन बाजूंनी, मागं सनई. अंतरपाट कोरा, दुधासारखा स्वच्छ. भुजंगनं फोन लावला.

"एक किडा मधी येऊन राहिला होता, मामा," व्यंकट म्हणाला. "कॉम्प्युटरवर पुसून टाकला. तुमच्यासाठी एवढं तर करावंच लागतं."

"मूळ फूटेज?"

"ते उडवलं. जागा लई खात होतं."

भुजंगनं मनिषाताईंना सगळं सविस्तर लिहिलं. ताईंचं उत्तर आलं, की फोटो नसेल तर निदान दुसऱ्या कुणी भरवशाच्या माणसानं पंख उघडलेले पाहिल्याचं लिहून द्यावं, मग नोंदीचा विचार करता येईल. वर्षाराणीचा प्रश्नच नव्हता. शाल पडली तेव्हा ती कापडावरून टाचा उंचावून नवऱ्याला शोधत होती. राहिली एक कावेरीबाई. ती बाजूला, पतंगावर डोळे रोखून उभी होती.

तो बहिणीकडं गेला. ती लग्नातली भांडी मोजून परत पाठवायच्या गडबडीत होती. त्यानं सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"पिवळा होता," ती म्हणाली. "आन् मधी काळी कोयरी. लुगड्यावर असती तशी."

"अक्का, बस, एवढंच लिहून दे."

"लिहून? आन् ते हदगावला कळलं तर? आप्पासाहेब आठ दिवस झाले समद्या पावण्यांना सांगून राहिले, की मामाचा मान आपण राखला." तिनं पातेल्यात पातेलं बसवलं. "मी काय बी बघितलं न्हाई, भुजंगा. तू रुसला होतास."