एकोणचाळीस मेणबत्त्या

"बारावी मेणबत्ती काढ."

"हात लावून तर बघा!"

"अगं, त्या दिवशी तू बाळंत झालीस. विसरलीस कुठे? अडचणीला दंड नसतो, हे तुझ्याच आईनं सांगितलंय."

"बाळंत सकाळी झाले. संध्याकाळी मी नर्सकडून तिच्या सासूच्या कागाळ्या ऐकत बसले होते. राहू द्या तिला."

काका बत्तीस वर्षं अग्निशमन दलात होते. गावभरच्या आगी विझवल्या, पण घरात एका वातीवर फुंकर मारायची परवानगी मिळाली नाही. ज्यू घरात शब्बाथच्या आणि सणाच्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत घरची बाई दोन मेणबत्त्या लावते आणि त्या आपणहून विझेपर्यंत कुणी विझवायच्या नसतात. दोनातली एक म्हणते 'आठवण ठेव', दुसरी म्हणते 'पाळ'. जी बाई एखाद्या संध्याकाळी लावायला विसरते, तिनं पुढे जन्मभर एक जास्त लावायची.

पहिल्या मेणबत्तीचं मावशीनं कधी फारसं ऐकलं नाही. म्हणून आता एकोणचाळीस. ताटात, बशांत, झाकणांवर. जेवायला बसायचं तर मांडीवर ताट. आणि ही बाई नोकरीला कुठे, तर हरवलेल्या वस्तूंच्या कचेरीत! लोकांचं सगळं तिच्या लक्षात.

सण झाला की दोघं लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. तिथल्या छतात आच लागली की पाणी सोडणारं यंत्र. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "पाचच्या वर एक नको, आई." मावशी म्हणाली होती, "मग मीही नको." म्हणून काका आज चौतीस मेणबत्त्या सोडवून घ्यायला बसले होते.

"बाविसावी?"

"सिनेमा. तुम्ही असे हुंदके देत होतात की उठता येईना."

"म्हणजे चूक माझी!"

"मग तुम्ही लावत जा."

"सत्ताविसावी?"

"एका म्हाताऱ्याला छत्रीची ओळख पटेना. तीन तास! शेवटी कळलं, त्याची छत्री हरवलीच नव्हती."

"बरं, एकतिसावी. ही तर पक्की. दाढ दुखत होती, डॉक्टरकडे अडकलीस. काढू?"

मावशी मेणबत्ती सरळ करत होती. तिचा हात थांबला.

"दाढ नव्हती दुखत."

"मग?"

"स्टेशनवर होते. तुम्हाला सोडून चालले होते."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सामान?"

"निळी पिशवी."

"ती छोटी? त्यात काय मावणार?"

"तुम्हाला सोडायला किती सामान लागतं हो?"

"मग... परत का आलीस?"

"तिकीट घरी विसरले. घ्यायला आले, तर तुम्ही ओट्याशी कांदा चिरत होतात. गात. इतकं बेसूर की मी दारातच उभी राहिले. भान आलं तेव्हा सूर्य गेला होता."

खिडकीबाहेर ऊन समोरच्या गच्चीवर चढलं होतं. मावशीनं काडेपेटी उचलली.

"बोला. काढू ही?"

काकांनी मेणबत्तीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "राहू दे. सूर्य जायच्या आत आणखी एक घेऊन येतो. माझी." चपला पायात सरकवल्या, एक उलटीच, आणि जिना उतरून गेले.